नाव न छापता बातमीदाराशी बोलायचंय? कोणता मार्ग कुणाला

इंदूरात 'नाव छापू नका' एवढ्यानं भागत नाही. 'नगर निगमातल्या एका मराठी अधिकाऱ्याने सांगितले' असं छापून आलं, की राजेंद्रनगर ते रामबाग, सगळ्या मराठी वस्तीत दिवस मावळायच्या आत नाव निघतं. म्हणून तोंड उघडण्याआधीच ठरवून घ्या की वर्णन काय छापणार. 'या व्यवहाराची माहिती असलेली व्यक्ती' इतकंच पुरे. खातं नको, हुद्दा नको, मराठी तर नकोच.

'नाव नको, पण मजकूर छापा' आणि 'ऑफ द रेकॉर्ड' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि गोंधळ इथेच होतो. पहिल्यात तुमचं म्हणणं सूत्रांच्या नावानं छापलं जातं. दुसऱ्यात काहीच छापायचं नसतं. बातमीदार तो धागा धरून दुसरीकडून खातरजमा करतो. सगळं सांगून झाल्यावर 'हे ऑफ द रेकॉर्ड हं' म्हटलं तर समोरच्यावर बंधन नाही. माझा हिशेब सरळ आहे: गोष्ट पन्नास जणांना ठाऊक असेल तर पहिला मार्ग, नोटशीटवर सह्या करणाऱ्या चौघांनाच ठाऊक असेल तर दुसरा.

कागद देणं मात्र बोलण्यापेक्षा धोक्याचं. 2017 साली अमेरिकेत रिअ‍ॅलिटी विनर नावाच्या तरुणीनं एक गुप्त अहवाल वृत्तसंस्थळाला पाठवला. त्यांनी खातरजमेसाठी प्रत सरकारलाच दाखवली. घडीच्या खुणांवरून तो छापून बाहेर नेल्याचं कळलं. छापणारे सहाच निघाले, आणि त्या संस्थळाशी ईमेलवर संपर्क झालेला एकटीचाच. पाच वर्षं तीन महिन्यांची शिक्षा झाली. बातमीदारानं नाव सांगितलंच नव्हतं.

त्यापेक्षा कागद हातात न देता तो कुठे आहे तेवढं सांगा. माहिती अधिकारात (2005) दहा रुपये भरून बातमीदारच अर्ज करेल, उत्तराची मुदत 30 दिवस. वेळ लागतो, पण कागद पुढच्या दारानं बाहेर येतो. फक्त नेमका फाइल नंबर अर्जात नको, नाहीतर 'हा नंबर यांना दिला कुणी?' हाच पहिला प्रश्न. वर्षभराच्या सगळ्या निविदांच्या प्रती त्याला मागू द्या.

नाव लावून बोलणारेही आहेत. मध्य प्रदेशातल्या व्यापमं प्रकरणात (भरती आणि प्रवेश परीक्षांचा घोटाळा) इंदूरचे डॉ. आनंद राय, ग्वाल्हेरचे आशिष चतुर्वेदी उघडपणे बोलले. चतुर्वेदींना पोलीस संरक्षण मिळालं. सगळ्यांना ठाऊक असलेल्या माणसाला काही झालं तर निदान बातमी होते. पण सरकारी नोकरीत असाल तर आचरण नियम आडवे येतात.

कायद्याचा आधार तोकडा आहे. 1978 च्या प्रेस कौन्सिल कायद्यानं सूत्र सांगायची सक्ती होत नाही, पण ही सूट कौन्सिलपुढच्या कारवाईपुरती. न्यायालय विचारू शकतं. 2014 चा जागल्या (गैरप्रकार उघड करणारा) संरक्षण कायदा मंजूर होऊनही लागू झालेला नाही. म्हणून बातमीदाराला आधीच विचारा: माझं नाव संपादकाला सांगणार का? वकिलाची नोटीस आली तर काय कराल?

सरकारी बँक, रेल्वे किंवा केंद्राच्या खात्यातलं प्रकरण असेल, तर केंद्रीय दक्षता आयोगाकडे बंद पाकिटात तक्रार करता येते. पाकिटावर 'पीआयडीपीआय' (जनहितासाठी माहिती उघड करणाऱ्याला संरक्षण देणारा ठराव) लिहायचं, नाव-पत्ता आतल्या पत्रात द्यायचा. तो आयोग गुप्त ठेवतो. निनावी पत्र मात्र घेत नाहीत, आणि मध्य प्रदेश सरकारच्या खात्यांना ही सोय लागू नाही.