केरेवे समाज : कादंबरीतून की इतिहासातून?

व्हिक्टोरिया सरोवरातील टांझानियाच्या उकेरेवे बेटावरील केरेवे लोकांचे जीवन आणि श्रद्धा समजून घेण्यासाठी अनिसेटी किटेरेझा यांची कादंबरी वाचावी की जेराल्ड हार्टविग यांचा १९७६ चा इतिहासग्रंथ, अशी विचारणा एका वाचकाने केली आहे.

श्रद्धेच्या निकषावर कादंबरी निःसंशय सरस ठरते. स्वतः केरेवे असलेल्या किटेरेझांनी ती १९४५ मध्ये आपल्याच भाषेत लिहिली. अपत्यहीन दांपत्याला सासरमाहेरचे टोमणे, वैद्याचे उपचार, पूर्वजांची आराधना आणि केळ्यांच्या मद्याने साधलेला समेट यांतून जावे लागते, तेव्हा धर्म रोजच्या व्यवहारापासून वेगळा काढताच येत नाही, हे मनाला भिडते.

मात्र हे जग बरेचसे स्थिर आहे. हस्तिदंत व गुलामांच्या दूरच्या व्यापाराने एकोणिसाव्या शतकात ओमुकामाची, म्हणजे राजाची, सत्ता कशी बदलली आणि चेटकाचे भय का वाढले, हे हार्टविगच सांगतात.

श्रमाच्या दृष्टीने कादंबरी प्रदीर्घ असली तरी सुगम आहे. इतिहासग्रंथाला पूर्वतयारी लागते. माणसे जाणून घ्यायची असतील त्यांनी किटेरेझा, तर बदलांची कारणे शोधणाऱ्यांनी हार्टविग निवडावेत.