रायफल केसच्या फोमसाठी गेलेले 10,750 रुपये

माझी मुलगी 10 मीटर एअर रायफल खेळते. हार्ड केसबरोबर आलेला फोम रायफलला घट्ट धरत नाही आणि प्रवासात मागच्या डायॉप्टरला, म्हणजे नेम धरण्यासाठीच्या बारीक छिद्राच्या साधनाला, धक्के बसतात, म्हणून रायफलच्या मापाच्या खाचा कापलेला पॉलिइथिलीन फोम करून घ्यायचे आम्ही ठरवले. स्वतःला पुण्याचा म्हणवणाऱ्या एकाने घनमीटरला 33 किलो घनतेचा फोम सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या यंत्रावर) कापून देण्याचे कबूल केले. डिझाइनचे 1,500, फोम आणि कटाईचे 6,800 आणि अखेरीस 'जीएसटी व कुरिअर विमा' या नावाखाली 2,450 रुपये त्याने यूपीआयवर घेतले. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात. महाराष्ट्राचे 27, त्याने दिलेल्या क्रमांकाची सुरुवात 09 ने होत होती. पैसे पाठवण्यापूर्वी हे तपासा, नंतर तपासून काही हाती लागत नाही.

खरे तर 6,800 रुपये देण्यापूर्वीच त्याचे बिंग फुटायला हवे होते. 'तुमचाच फोम' म्हणून आलेल्या फोटोत दुर्बिणीसाठी रुंद खाच होती, शिवाय बायपॉडची, म्हणजे नळीखालच्या दुपायी टेकूची, जागा! 10 मीटरच्या स्पर्धेत दुर्बीण चालतच नाही, हे आमच्या घरात सर्वांना पाठ आहे. मी विचारलेही, 'तो वरचा नमुन्याचा थर आहे, तुमचा खाली आहे,' असे उत्तर आले आणि ते मला पटले, कारण हवेचा सिलिंडर लावून ठेवणार की काढून, खांद्याला टेकणारी बटप्लेट किती बाहेर असते, असे जाणकाराचे प्रश्न त्याने आधी विचारले होते आणि स्पर्धा तोंडावर आली होती. असल्या माणसापुढे कोणीही फसला असता. मी त्याला रायफलचा आकार खाकी कागदावर आखून दिला होता; तुम्ही मात्र असा स्वतः आखून दिलेला कागद कापलेल्या फोमवर ठेवलेला व्हिडिओ मागा.

पार्सलमध्ये गादीत भरतात तसला स्पंज निघाला, एकही खाच नसलेला, आणि त्यात माझा खाकी कागद घडी घालून ठेवलेला. रत्नागिरीच्या पावसाळ्यात तो स्पंज ओल धरून नळीला गंज चढवणार, हे वेगळेच.

पोलीस ठाण्यात फसवणुकीपेक्षा रायफलचीच चौकशी अधिक झाली. नळीचा व्यास 4.5 मिलिमीटर आणि छऱ्याची ऊर्जा 20 ज्यूलपर्यंत असलेल्या एअर रायफलला परवाना लागत नाही, हे मीच समजावत बसलो. त्यानंतर 'पार्सल मिळाले ना, मग हा दिवाणी वाद' असे सांगून भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खालचा (फसवणुकीचा) माझा अर्ज बाजूला सारण्यात आला. बँकेने व्यवहार तुम्हीच मंजूर केल्याचे कळवले, तर ग्राहक तक्रार कक्षाने विक्रेता उत्तर देत नाही म्हणून तक्रार बंद केली. म्हणजे जो उत्तर देत नाही तो सुटला. पैसे जाताच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, पार्सल उघडतानाचे चित्रीकरण करा. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही. मी आता तिथे अर्ज केला आहे.

तो माणूस सध्या पिस्तुलाच्या केसची कामे घेत असून त्याचे डिझाइन शुल्क 1,800 झाले आहे.