पोस्टकार्डाएवढ्या पडद्यावर तांत्रिक पुस्तक: सहा इंची, सात इंची की दहा इंची?

माझा भाचा कराडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकतो. शनिवारी सांगलीला येतो, सोमवारी पहाटेच्या एसटीने परत जातो. मागच्या खेपेला त्याने विचारलं, "मामा, खिशात मावेल असा ई-रीडर घ्यायचाय. ॲमेझॉनचं किंडल घेऊ, कोबो घेऊ की ते अँड्रॉइडवालं बूक्स?" मी म्हटलं, "कंपनीचं नंतर बघू. आधी सांग, तू वाचतोस त्या फायली कसल्या आहेत? पीडीएफ, म्हणजे छापील पानाची जशीच्या तशी प्रत, किती? आणि ईपब, म्हणजे पडद्याप्रमाणे मजकूर नव्याने बसतो तो प्रकार, किती?" त्याने कधी मोजल्या नव्हत्या. बहुतेक जण मोजत नाहीत. कथा-कादंबऱ्यांसाठी घेतलेला ई-रीडर सहसा कोणाला निराश करत नाही, पण तांत्रिक पुस्तकांसाठी घेतलेला पुष्कळदा महिन्याभरात कपाटात जातो, त्याचं कारण हेच.

माझं स्वतःचं तसंच झालं. कुपवाड एमआयडीसीत मेंटेनन्सचं काम करतो. मोटरचा वेग सांभाळणाऱ्या ड्राइव्हची मॅन्युअलं, पीएलसी म्हणजे यंत्रं चालवणाऱ्या छोट्या संगणकाच्या पुस्तिका, सुट्या भागांची माहिती देणाऱ्या डेटाशीट हे माझं रोजचं वाचन. एक सहा इंची यंत्र हौसेने घेतलं आणि पहिल्याच वायरिंगच्या आकृतीला हात टेकले. यंत्रात खोट नव्हती. मी चुकीच्या कामाला ते घेतलं होतं.

म्हणून पैसे द्यायच्या आधी एक करा. घरात जुनं पोस्टकार्ड असेल तर काढा. ते १४ सेंटिमीटर लांब आणि ९ सेंटिमीटर रुंद असतं. पडद्याचे इंच कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरके मोजतात, म्हणून सहा इंची ई-रीडरचा पडदा साधारण ९.१ बाय १२.२ सेंटिमीटर, म्हणजे पोस्टकार्डाहून थोडा आखूडच. हे कार्ड ए-फोर आकाराच्या छापील पानावर ठेवून बघा. समास कापले तरी त्या पानावरची ओळ १६ सेंटिमीटरच्या आसपास भरते. ती ९.१ मध्ये बसवायची तर १० पॉइंटचं अक्षर (पॉइंट म्हणजे छपाईत अक्षराचा आकार मोजायचं माप) पावणेसहा पॉइंटवर येतं, औषधाच्या पाकिटावरच्या बारीक छपाईसारखं. सात इंची पडद्याची रुंदी १०.७ सेंटिमीटर, तिथे तेच अक्षर साधारण पावणेसात पॉइंटचं होतं. १०.३ इंचीची रुंदी १५.७, तिथे ते जवळपास मूळ आकारात दिसतं.

यंत्र आडवं धरलं की हिशेब सुधारतो. सहा इंचीवर साडेसात पॉइंट, सात इंचीवर जवळपास नऊ. मात्र एक पान दोन-तीन तुकड्यांत वाचावं लागतं, आणि आकृती वरच्या तुकड्यात व तिचं स्पष्टीकरण खालच्या तुकड्यात असलं की मन विचलित होतं. प्रोग्रामिंगची बरीच इंग्रजी पुस्तकं ए-फोरपेक्षा लहान, सात इंच रुंद कागदावर छापलेली असतात. त्यांची ओळ १३ सेंटिमीटरच्या आसपास असते. अशी पीडीएफ समास कापून सात इंची पडद्यावर उभी वाचली तर अक्षर आठ पॉइंटच्या वर राहतं. रोज तासभर वाचायला ते चालतं. सहा आणि सात इंचांत कागदावर फरक एकाच इंचाचा असला तरी तांत्रिक वाचनात तो मोठा ठरतो.

दोन रकान्यांत छापलेले संशोधन निबंध मात्र वेगळे. त्यांचा एक रकाना ८.९ सेंटिमीटरच्या आसपास असतो, म्हणजे सहा इंची पडद्यावरही तो मूळ आकारात मावतो. अट एवढीच की यंत्राला 'आधी डावा रकाना वरून खाली, मग उजवा' असं आपोआप सरकता आलं पाहिजे. बूक्सच्या स्वतःच्या वाचक ॲपमध्ये ही सोय आहे. ई-रीडरवर वेगळं टाकता येणाऱ्या कोरीडर नावाच्या वाचनाच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्येही आहे. किंडलवर बोटांनी मोठं करून पान ओढत बसावं लागतं, आणि ते किती वैतागाचं असतं हे एकदा करून पाहिल्याशिवाय कळत नाही.

आता ईपब. यात अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं, ओळी आपोआप नव्याने बसतात, त्यामुळे मजकुरापुरता लहान पडद्याचा प्रश्न सुटतो. दोन ठिकाणी मात्र तो अडतो. पहिलं ठिकाण समीकरणांचं. पुष्कळ ईपबमध्ये समीकरण चित्र म्हणून घातलेलं असतं. अक्षर मोठं केलं तरी चित्र तेवढंच राहतं, आणि घातांक की पायाचा अंक हे डोळे ताणून ओळखावं लागतं. दुसरं ठिकाण कोडचं, म्हणजे प्रोग्रामच्या ओळींचं. कोडची ओळ ८० अक्षरांपर्यंत जाते. सहा इंची पडदा उभा धरून ती न मोडता बसवायची तर अक्षर पाच पॉइंटचं करावं लागतं, आडवा धरला तर सातच्या आसपास. ओळ मोडू दिली तर जावा किंवा सी या प्रोग्रामिंगच्या भाषांमध्ये कंस असतात म्हणून निभावतं. पायथनमध्ये ओळ किती आत सरकली आहे यावरच अर्थ ठरतो, तिथे मोडलेली ओळ वाचणाऱ्याची फसगत करते. नवशिक्याची तर हमखास.

तेव्हा यंत्रांकडे वळू.

किंडल पेपरव्हाइटची २०२४ ची आवृत्ती सात इंची आहे, वजन २११ ग्रॅम, पडद्यावर इंचाला ३०० ठिपके, पाणी पडलं तरी टिकते. भारतात ती एप्रिल २०२५ मध्ये १६,९९९ रुपयांना आली. सहा इंची साधं किंडल १५८ ग्रॅमचं, पण त्याला पाण्यापासून संरक्षण नाही. किंडलचं बळ आहे सोपेपणात. शब्दावर बोट ठेवलं की कोश उघडतो, खुणा केलेल्या ओळी एका ठिकाणी जमतात, आणि मराठी पुस्तकं तिथे डिसेंबर २०१६ पासून आहेत. तांत्रिक वाचनाच्या बाहेरही तुम्ही मराठी वाचत असाल तर हे वजन पारड्यात घाला. ईपब त्यावर थेट उघडत नाही. कंपनीच्या सेवेतून पाठवावं लागतं, तिथे त्याचं रूपांतर होतं आणि मग ते यंत्रावर येतं. साध्या मजकुराला काही होत नाही, पण कोडचे तक्ते आणि चौकटी कधीकधी विस्कटतात. पीडीएफ हे किंडलचं दुबळं अंग.

कोबो ही कॅनडात सुरू झालेली, २०१२ पासून जपानच्या राकुतेनची असलेली कंपनी. तिचं यंत्र संगणकाला जोडायचं, ईपब कॉपी करायचं, वाचायला लागायचं. मध्ये कोणाच्या दारात जावं लागत नाही. क्लारा बीडब्ल्यू हे सहा इंची, १७४ ग्रॅमचं. लिब्रा कलर सात इंची, पानं उलटायला बाजूला बटणं आहेत, आणि एसटीत एका हाताने दांडा धरून उभं राहिलात की त्या बटणांची किंमत कळते. रंगीत पडद्यावर रंग इंचाला १५० ठिपक्यांतच दिसतो आणि पडद्याची पार्श्वभूमीही काळ्या-पांढऱ्या पडद्यापेक्षा करडी वाटते. रंगीत आलेखांशी रोजचं काम नसेल तर रंगासाठी जास्त पैसे देऊ नयेत असं माझं ठाम मत आहे. कोबोवर कोरीडर टाकायला यंत्राचं कुलूप, म्हणजे बाहेरचं सॉफ्टवेअर अडवणारं कंपनीचं बंधन, तोडावं लागत नाही, फायली कॉपी केल्या की काम होतं. किंडलवर तेच करायला कुलूप तोडावं लागतं. माझ्या दृष्टीने तांत्रिक वाचकाने कोबोचा विचार करावा तो यासाठीच. समास कापणं, रकान्याने सरकणं, पीडीएफचा मजकूर लहान पडद्यासाठी नव्याने मांडणं, हे सगळं कोरीडर करतं. घेताना बिल आणि वॉरंटी कोणाच्या नावावर आहे ते नीट विचारा. विकणारा बाहेरून मागवून देत असेल तर पडदा फुटल्यावर सांगलीत कोणी दुरुस्त करून देणार नाही.

बूक्स म्हणजे ई-इंकचा, म्हणजे ई-रीडरमध्ये असतो तसा कागदासारखा पडदा लावलेला अँड्रॉइड टॅबलेट. कुठलंही वाचनाचं ॲप टाका, कॉलेजच्या ऑनलाइन ड्राइव्हवरून फाइल थेट उतरवा. बदल्यात बॅटरी लवकर संपते. किंडल-कोबो आठवडे चालतात, इथे वाय-फाय आणि मागे चालणारी ॲपं बंद ठेवायची सवय लावावी लागते. आणि ज्या फोनपासून दूर पळायला ई-रीडर घेतला, त्याचे निरोप इथेही येऊन धडकतात. यांचं पाल्मा नावाचं फोनच्या आकाराचं यंत्र खिशात सुरेख बसतं, पण त्याची रुंदी सातच सेंटिमीटर. कोडसाठी ते उभं धरून वाचण्याचं नव्हे.

१०.३ इंची यंत्रं भाच्याच्या 'खिशात मावेल' या अटीत बसत नाहीत. १०.२ इंचाचं किंडल स्क्राइबच ४३३ ग्रॅमचं आहे. पण तुमचं वाचन माझ्यासारखं असेल, म्हणजे ए-फोर मॅन्युअल आणि आकृत्या, तर लहान यंत्राचा नाद सोडा. पॅनेलसमोर उभं राहून टर्मिनलचे नंबर वाचायचे असतात तेव्हा पान अख्खं दिसावं लागतं.

एक गोष्ट कोणतंच ई-इंक यंत्र नीट करत नाही. 'आकृती ४३ पाहा' म्हटलं की तिकडे जायचं, पुन्हा मागे यायचं, परिशिष्ट चाळायचं. या पडद्यात काळे-पांढरे भारित कण वरखाली सरकून अक्षर उमटतं. पान बदलतानाच वीज लागते, म्हणून बॅटरी टिकते आणि भर उन्हात कागदासारखं वाचता येतं. पण तेच कण सरकायला वेळ घेतात. सलग वाचायचं पुस्तक यावर घ्या. संदर्भ धुंडाळायचा असेल तर संगणक किंवा स्पायरल केलेली झेरॉक्सच बरी.

फायली कोणाच्या ताब्यात राहतात हेही मला महत्त्वाचं वाटतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पुराचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा गावभागातल्या आमच्या घरातलं खालचं कपाट बुडालं. इलेक्ट्रॉनिक्सची वीस वर्षांत जमवलेली पुस्तकं त्यात होती. चिखलाने पानं एकमेकांना चिकटली, ती सुटली नाहीत. तेव्हापासून विकत घेतलेल्या प्रत्येक तांत्रिक पुस्तकाची फाइल मी दोन ठिकाणी ठेवतो. ॲमेझॉनने २६ फेब्रुवारी २०२५ पासून किंडलची पुस्तकं संगणकावर उतरवून यूएसबीने यंत्रात घालायची सोय बंद केली. याउलट नो स्टार्च, मॅनिंग, प्रॅगमॅटिक बुकशेल्फ यांच्यासारखे प्रकाशक कुलूप नसलेली, म्हणजे कुठल्याही यंत्रावर कॉपी करता येणारी पीडीएफ आणि ईपब दोन्ही देतात. अशी पुस्तकं घ्या, म्हणजे यंत्र बदललं तरी पुस्तक तुमचंच राहतं. ती नीट लावून ठेवायला कॅलिबर हे फुकट सॉफ्टवेअर आहे, कोविद गोयल यांनी २००६ पासून उभं केलेलं. कुठलंही यंत्र घ्या, हे संगणकावर असू द्या.

भाच्याने रविवारी लॅपटॉप उघडून मोजदाद केली. प्रोग्रामिंगची बहुतेक पुस्तकं ईपब, प्रोजेक्टसाठी दोन रकान्यांचे निबंध बरेच, ए-फोर मॅन्युअल दोनच. त्याला मी सात इंची कोबो सुचवला, बिल आणि वॉरंटी पक्की मिळत असेल तरच. नाहीतर पेपरव्हाइट, आणि निबंध आडवा धरून वाचायची तयारी ठेव म्हटलं. त्याच्या खोलीवरच्या मित्राकडे सात इंची यंत्र आहे. त्यावर पायथनचं एक लांब फंक्शन आणि एक निबंध टाकून एसटीत कराड ते इस्लामपूर वाचून बघणार आहे. पोस्टकार्ड त्याने वहीत घालून नेलंय.