चामड्याची पायपिंग: खाचेचा फूट की एकबाजूचा?
सोफ्याच्या कुशनवर चामड्याची पायपिंग, म्हणजे कडेची दोरी भरलेली गोल पट्टी, घट्ट बसवायची, तर वॉकिंग फूट मशीनवर (वरचा-खालचा थर एकत्र पुढे सरकवणाऱ्या शिलाई मशीनवर) फुटाचे, म्हणजे शिवताना वरून दाबून धरणाऱ्या पायाचे, दोन पर्याय. खालून खाच असलेला फूट दोरीवर स्वार होऊन चालतो. लांब सरळ कडेला शिलाई हलत नाही. अडचण मापाची. 5 मिमीच्या दोरीवर 1 मिमी चामडं गुंडाळलं की जाडी 7 मिमी होते. खाच त्याहून मोठी असली तर पायपिंग आत डुलते आणि ढिली पडते. सुईच्या एकाच बाजूने दाबणाऱ्या, एकबाजूच्या फुटाला कुठलीही जाडी चालते, पण दोरीला चिकटून नेणं सगळं हातावर. शिवाय चामड्यात सुईची भोकं कायमची राहतात, उसवून सुधारायची सोय नाही! माझी पसंती खाचेलाच. कोपऱ्यावर मात्र मायेला (शिलाईबाहेरच्या जादा कडेला) काप देऊन चाक हाताने फिरवत एकेक टाका घ्यावा.