होम थिएटरसाठी इलेक्ट्रोस्टॅटिक की नेहमीचे कोनवाले स्पीकर? आधी सोफा आणि मागची भिंत मोजा

इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकरचं नाव निघालं की बोलणं लगेच आवाजाच्या स्वच्छपणावर जातं. तो स्वच्छपणा खरा आहे आणि एकदा कानात बसला की विसरता येत नाही. पण एका खुर्चीत बसून दोन स्पीकरवर गाणी ऐकणं वेगळं आणि सोफ्यावर तीन-चार माणसं, समोर मोठी स्क्रीन, पाच-सात स्पीकर आणि सबवूफर असलेल्या खोलीत सिनेमा बघणं वेगळं. सिनेमातले बहुतेक संवाद मधल्या, म्हणजे सेंटर स्पीकरमधून येतात. इलेक्ट्रोस्टॅटिकची सगळ्यात मोठी अडचण नेमकी तिथेच आहे, आणि खरेदी करताना तीच सगळ्यात शेवटी लक्षात येते.

आधी दोन्हींची घडण. नेहमीच्या स्पीकरमध्ये चुंबकाच्या फटीत व्हॉइस कॉइल, म्हणजे तारेचं वेटोळं, असते आणि ती कोनला, म्हणजे शंकूच्या आकाराच्या पडद्याला, मागेपुढे ढकलते. जोर मध्यभागी लागतो, कोन मात्र बाहेर कडेपर्यंत पसरलेला असतो. त्यामुळे एका मर्यादेपेक्षा वरच्या सुरांना तो एकसंध हलत नाही, त्याचे वेगवेगळे भाग आपापले थरथरतात. म्हणून खालच्या सुरांना वूफर, मधल्यांना मिडरेंज, वरच्यांना ट्वीटर अशी कामाची वाटणी करावी लागते.

इलेक्ट्रोस्टॅटिकमध्ये कोन नाही, कॉइल नाही. पॉलिएस्टरचा ताणून बसवलेला पापुद्रा, साधारण १२ मायक्रॉनचा किंवा त्याहूनही पातळ, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना भोकं पाडलेले धातूचे पत्रे, म्हणजे स्टेटर. या सगळ्याला मिळून पॅनेल म्हणतात. पापुद्र्यावर काही हजार व्होल्टचा चार्ज कायम ठेवलेला असतो. अँप्लिफायरचा सिग्नल स्टेप-अप ट्रान्सफॉर्मरमधून वाढून स्टेटरवर जातो, आणि एक स्टेटर ओढत असताना दुसरा ढकलतो. जोर पापुद्र्याच्या सगळ्या पृष्ठभागावर सारखा पडतो. १२ मायक्रॉनच्या पॉलिएस्टरचा १ चौरस मीटर तुकडा जेमतेम १७ ग्रॅम भरतो. तेवढंच वजन त्याच आकाराच्या, सुमारे १४ मिलिमीटर जाडीच्या हवेच्या थराचं असतं. म्हणजे हवा हलवायला जवळजवळ हवेइतकंच हलकं काहीतरी.

याचा परिणाम ऐकायला मिळतो तो बारीक आवाजांत. पत्र्यावरच्या पावसाचा एकेक थेंब सुटा येतो. कुजबुजत बोलणाऱ्या माणसाने वाक्याआधी घेतलेला श्वास, किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवल्यावर आधी एक आणि मग बाकीच्या किल्ल्या टेकल्याचा आवाज, हे तपशील चांगले कोनवाले स्पीकरही देतात, पण पॅनेलवर ते जास्त सहज येतात. क्वाड या ब्रिटिश कंपनीचा, पीटर वॉकर यांनी घडवलेला पहिला इलेक्ट्रोस्टॅटिक १९५७ साली बाजारात आला आणि आजही लोक त्याची दुरुस्ती करून तो वापरतात, यामागचं कारण हेच.

आवाज किती चढतो

सिनेमागृहाच्या संदर्भ पातळीत, म्हणजे सिनेमासाठी ठरवलेल्या प्रमाण आवाजात, समोरच्या प्रत्येक चॅनेलचं टोक १०५ डेसिबलपर्यंत जातं आणि सबवूफरच्या स्वतंत्र चॅनेलचं ११५ पर्यंत. समजा स्पीकरची संवेदनशीलता ८७ डेसिबल आहे, म्हणजे १ वॉट दिल्यावर १ मीटरवर तेवढा आवाज येतो, आणि तुम्ही ३.५ मीटरवर बसता. साध्या बॉक्स स्पीकरचा आवाज तेवढ्या अंतरावर सुमारे ११ डेसिबलने उतरतो. म्हणजे १ मीटरवर ११६ डेसिबल हवेत, आणि त्यासाठी २९ डेसिबलची वाढ, सुमारे ८०० वॉट. खोलीच्या भिंती ३-४ डेसिबल परत देतात, तरी आकडा मोठाच राहतो. तोच हिशेब ९५ डेसिबलच्या हॉर्नवाल्या स्पीकरला लावला तर सुमारे १२५ वॉटमध्ये काम होतं.

उंच पॅनेलला इथे एक सवलत मिळते. त्याचा आवाज अंतरानुसार कमी वेगाने उतरतो, जवळच्या पट्ट्यात अंतर दुप्पट झालं की ६ ऐवजी ३ डेसिबलच. पण पॅनेलची खरी मर्यादा वॉटची नाही, जागेची आहे. पापुद्रा आणि स्टेटर यांच्यात एक-दोन मिलिमीटरची फट. पापुद्रा त्यापलीकडे जाऊ शकत नाही, आणि खालचे सूर जोरात द्यायला नेमकी तीच हालचाल लागते. म्हणूनच आज होम थिएटरसाठी मिळणारे बहुतेक इलेक्ट्रोस्टॅटिक हायब्रिड असतात: साधारण ३०० ते ५०० हर्ट्झच्या खाली बॉक्समधला वूफर, वर पॅनेल. निव्वळ पॅनेलचा स्पीकर सिनेमासाठी घेऊ नका. क्वाडच्या घराण्यातले पूर्ण पॅनेलचे स्पीकर संगीतासाठी उत्तम आहेत, स्फोटांसाठी नाहीत.

संदर्भ पातळीच्या १० डेसिबल खाली ऐकत असाल, आणि घरात बहुतेक जण तेवढंच किंवा त्याहून कमी ठेवतात, तर वरच्या हिशेबातले ८०० वॉट ८० वर येतात आणि चांगला हायब्रिड पुरून उरतो. त्याच्या वर सातत्याने ऐकायचं असेल तर विषय इथेच संपतो, कोनवाले घ्या.

सोफ्यावर कोण कुठे बसतं

सपाट पॅनेल ३० सेंटीमीटर रुंद असेल तर साधारण १,१०० हर्ट्झच्या वर आवाजाची तरंगलांबी पॅनेलच्या रुंदीपेक्षा लहान होते आणि आवाज टॉर्चच्या झोतासारखा समोर एकवटायला लागतो. मधल्या खुर्चीत अप्रतिम, हातभर बाजूला सरकलं की वरचे सूर कमी. क्वाडने १९८१ च्या ईएसएल-६३ मध्ये पॅनेलचे वर्तुळाकार भाग पाडून बाहेरच्या कड्यांना सिग्नल किंचित उशिरा दिला, म्हणजे आवाज एका बिंदूतून पसरल्यासारखा वाटतो. मार्टिनलोगन या कंपनीने पॅनेललाच आडवा बाक दिला, सुमारे ३० अंशांचा. ३ मीटरवर हा ३० अंशांचा पट्टा १.६ मीटर रुंद होतो. तीन जणांचा सोफा १.८ ते २ मीटरचा असतो. म्हणजे कडेच्या दोघांचे बाहेरचे कान पट्ट्याच्या काठावर किंवा बाहेर.

उभ्या दिशेला तर पट्टा आणखी काटेकोर. बसल्यावर कान पॅनेलच्या वरच्या आणि खालच्या कडांच्या मध्ये यायलाच हवेत. मागची रांग चौथऱ्यावर घेतली आणि कान पॅनेलच्या वर गेले, तर त्या रांगेला मंद, झाकल्यासारखा आवाज मिळेल. हे कुठल्याही सेटिंगने सुटत नाही. दोन रांगांच्या खोलीत इलेक्ट्रोस्टॅटिक घेऊ नयेत असं आमचं स्पष्ट मत आहे. चांगला घुमट ट्वीटर आणि त्याभोवती वेव्हगाइड, म्हणजे आवाज पसरवणारी खोलगट वाटी, असलेला बॉक्स स्पीकर ६०-७० अंशांत बऱ्यापैकी सारखा आवाज देतो, आणि कुटुंबाने एकत्र सिनेमा बघायचा तर हा गुण स्वच्छपणाच्या शेवटच्या तोळ्यापेक्षा मोलाचा आहे.

हायब्रिडमध्ये आणखी एक गोष्ट दडलेली आहे, जी माहितीपत्रकात सापडत नाही. वूफर साध्या बॉक्ससारखा अंतराबरोबर उतरतो, पॅनेल कमी वेगाने. त्यामुळे २ मीटरवर जो स्पीकर भरदार वाटतो, तोच ४ मीटरवर थोडा पातळ आणि उजळ वाटतो. दुकानातल्या खोलीत ऐकताना तुमच्या घरातलं अंतर टेपने मोजून तितक्याच अंतरावर बसा.

मागची भिंत

पॅनेल पुढे जितका आवाज टाकतं तितकाच मागेही टाकतं, उलट्या फेजमध्ये, म्हणजे पुढे हवा ढकलली जाते तेव्हा मागे ओढली जाते. बाजूंना मात्र जवळजवळ काहीच जात नाही. अरुंद खोलीत हा मोठा फायदा आहे, कारण बाजूच्या भिंतींवरून येणारं परावर्तन आपोआप क्षीण होतं आणि संवाद स्पष्ट राहतात. पण मागच्या भिंतीवरून परतणारा आवाज पुढच्या आवाजात मिसळतो. पॅनेल भिंतीपासून ५० सेंटीमीटरवर असेल तर ३४३ हर्ट्झच्या आसपास आणि त्याच्या पटींवर खड्डे पडतात. पहिला खड्डा पुरुषी आवाजाच्या भरीवपणाच्या पट्ट्यातच. १ मीटर ठेवलं तर परतीचा आवाज सुमारे ६ मिलिसेकंद उशिरा येतो, पहिला खड्डा १७० हर्ट्झजवळ, म्हणजे हायब्रिडमध्ये वूफरच्या हद्दीत सरकतो, आणि कानाला खोली मोकळी वाटते.

म्हणून ९० सेंटीमीटर ते १ मीटर ही किमान जागा धरा. ती नसेल तर पॅनेलच्या मागे १० सेंटीमीटर किंवा जास्त जाडीचं रॉकवूल लावा. अंड्याच्या ट्रेसारखा पातळ फोम फक्त अगदी वरचे सूर खातो, बाकी सगळं परत येतं, आणि मग लोक स्पीकरला दोष देतात.

स्पीकर किती वळवायचा ते ठरवण्याची पद्धत सोपी आहे. बसायच्या जागी बसून टॉर्च हनुवटीखाली धरा आणि पॅनेलकडे झोत टाका. वाकलेल्या पॅनेलवर प्रकाशाचं प्रतिबिंब दिसतं. ते आतल्या बाजूच्या एक तृतीयांश भागात येईपर्यंत स्पीकर वळवा. दोन्ही बाजूंना अगदी तितकंच. १ सेंटीमीटरचा फरकही मधोमध ऐकू येणारा आवाज एका बाजूला ओढतो.

सेंटर स्पीकर

डाव्या-उजव्या बाजूला पॅनेल आणि मध्ये साधा सेंटर ठेवला, की पात्र चालत स्क्रीन ओलांडताना त्याचा आवाज मध्ये आल्यावर बदलतो. डोळा एकच माणूस बघतो, कानाला दोन ऐकू येतात. त्याच घराण्याचा इलेक्ट्रोस्टॅटिक सेंटर मिळतो, पण तो टीव्हीच्या कपाटाच्या खणात कोंबता येत नाही. मागचा आवाज खणाच्या फळीवर आपटून लगेच परततो आणि संवाद डब्यातून आल्यासारखे वाटतात. त्याला मागे आणि वर मोकळी जागा हवी. शिवाय तो आडवा आणि बुटका असतो, म्हणून उंच पॅनेलचे फायदे त्याला मिळत नाहीत.

कोनवाल्यांमध्येही सेंटरची अडचण आहेच. दोन वूफरच्या मध्ये ट्वीटर असलेला आडवा सेंटर बाजूच्या खुर्च्यांना संवादाच्या पट्ट्यात खड्डा देतो, कारण दोन वूफरचं अंतर वेगवेगळं होतं. यावर उपाय मात्र सरळ आहे: मिडरेंज आणि ट्वीटर एकावर एक असलेला थ्री-वे सेंटर, किंवा आवाज आरपार जाणाऱ्या स्क्रीनमागे तीन अगदी सारखे उभे स्पीकर. कोनवाल्यांची बाजू सिनेमासाठी आम्हाला भारी वाटते ती सगळ्यात जास्त या एका सोयीमुळे.

सेंटरशिवायही चालतं. पॅनेलची जोडी नीट लावली तर मधल्या जागी बसणाऱ्याला संवाद स्क्रीनच्या मधोमध ठामपणे ऐकू येतो. एव्ही रिसीव्हरमध्ये, म्हणजे सगळे स्पीकर ज्याला जोडतात त्या अँप्लिफायरच्या डब्यात, सेंटर ‘नाही’ असं निवडा. एक-दोन प्रेक्षकांसाठी हा मार्ग उत्तम. तिसरा माणूस आला की संवाद त्याच्या जवळच्या स्पीकरमध्ये जाऊन बसतो.

अँप्लिफायर, वायरिंग, धूळ

पॅनेल विजेच्या दृष्टीने कपॅसिटर आहे. फ्रिक्वेन्सी वाढते तसा त्याचा इम्पीडन्स, म्हणजे विजेला होणारा विरोध, उतरतो, आणि ६ ओहम लिहिलेला स्पीकर २० किलोहर्ट्झला २ ओहमच्या खाली जाऊ शकतो. साधा एव्ही रिसीव्हर हळू आवाजात निभावून नेतो, पण चढ्या आवाजात वरचे सूर बोथट होतात, तो तापतो किंवा प्रोटेक्शनमध्ये जातो. रिसीव्हरच्या मेन्यूत ४ ओहमची सेटिंग असते. ती बहुधा आतला व्होल्टेज कमी करून रिसीव्हरला वाचवते, तुमचा आवाज वाचवत नाही. प्री-आउट (वेगळा अँप्लिफायर जोडायची जागा) असलेला रिसीव्हर घ्या आणि समोरच्या स्पीकरना ४ ओहमला ताकद जवळजवळ दुप्पट करणारा वेगळा पॉवर अँप्लिफायर द्या. क्लास डी (स्विचिंग पद्धतीचा, कमी तापणारा अँप्लिफायर) घेत असाल तर ज्याचा फीडबॅक आउटपुट फिल्टरच्या नंतर घेतलेला आहे असाच घ्या, नाहीतर कपॅसिटिव्ह लोडवर ट्रेबल वरखाली होतो.

प्रत्येक पॅनेलला घरातल्या विजेचा प्लग लागतो. समोर तीन असतील तर तीन. हे फर्निचर होण्याआधी ठरवा.

रिसीव्हरमध्ये समोरचे स्पीकर ‘स्मॉल’ आणि क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचे सूर सबवूफरकडे जातात ती मर्यादा) ८० हर्ट्झ ठेवा, स्पीकरचा वूफर मोठा असला तरी. ऑटो कॅलिब्रेशन (माइकने मोजून रिसीव्हर आवाज आपोआप जुळवतो ते) पॅनेलची फेज उलटी असल्याचं सांगू शकतं. वायर तपासा, बरोबर असेल तर सूचना ओलांडून पुढे जा. कॅलिब्रेशनने आवाजात केलेली दुरुस्ती ५०० हर्ट्झच्या खाली मर्यादित ठेवता येत असेल तर तशीच ठेवा.

चार्ज असलेला पापुद्रा धूळ ओढतो. आवाज मंदावला, चर्रचर्र किंवा टिकटिक येऊ लागली, की बहुधा धूळ किंवा दमटपणा. प्लग काढून रात्रभर ठेवा, मग मऊ ब्रशच्या तोंडाने व्हॅक्यूम फिरवा. ओलं फडकं, फवारा, सुई, यातलं काहीही जाळीजवळ नेऊ नका. वर्षांनुवर्षांच्या वापराने पापुद्र्यावरचा लेप क्षीण होतो आणि पॅनेल बदलावं लागतं. घेण्याआधी त्याच मॉडेलचं पॅनेल सुटं मिळतं का ते विचारा. कोनवाल्याचा ट्वीटर बदलणं त्या मानाने किरकोळ काम.

सराउंड आणि छतावरच्या स्पीकरसाठी दोन्ही बाबतींत साधे कोनवालेच घ्या. तिथे पॅनेलचा आग्रह धरण्यात अर्थ नाही.

ऐकायला जाल तेव्हा धमाकेदार दृश्य शेवटी लावा. आधी बातम्या वाचणाऱ्या एखाद्या आवाजाचा तुकडा फक्त सेंटरमधून ऐका आणि सोफ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकेका जागी बसा. ‘स’, ‘श’, ‘छ’ या अक्षरांकडे कान ठेवा. मध्ये ती टोकदार आणि कडेला बोथट झाली, तर घरात त्या कडेच्या जागी रोज कोण बसणार आहे, त्या माणसालाच सोबत घेऊन पुन्हा एकदा या आणि तिथे बसवून विचारा.