डीजेवाल्यांपासून स्पीकर वाचवणारा डबा : आठ महिन्यांनंतर

आधी मुद्द्याचं. मिक्सर आणि ॲम्पच्या मधे बसणारा, आवाज ठरावीक मर्यादेवर अडवणारा हा साउंड प्रोसेसर, म्हणजे माझ्या भाषेत डबा. मर्यादा आली की त्यावर लागणारी लाल लाइट बंद करता येत नाही. मंदही करता येत नाही. मेनूत ब्राइटनेस आहे, पण तो फक्त स्क्रीनचा. २४ हजार रुपये घेतले आणि एका लाइटीची सोय केली नाही. बाकीचं सगळं मी माफ केलंय, हे नाही.

माझं लॉन्स जळगावपासून पाऊण तासावर. साउंड घरचा, चार टॉप (वरचे बॉक्स, आत वूफर आणि तिखट आवाजाचा हॉर्न) आणि चार अठरा इंची बेस. हळदीच्या रात्री पार्टीचा डीजे आपला कंट्रोलर घेऊन येतो आणि आमच्या सिस्टिमला वायर खोचतो. स्पीकर माझे, हात त्याचा. मागच्या लग्नसराईत पाच हॉर्नचे डायफ्राम (आवाज काढणारे पातळ पडदे) आणि दोन बेसच्या कॉइल (आतली तारेची गुंडाळी) गेल्या. डायफ्रामला १,८००, बेसच्या रिकोनला, म्हणजे नवा कोन आणि कॉइल बसवायला, ३,५००. म्हणजे १६ हजार, पेट्रोल वेगळं. दीड सीझनमध्ये डबा वसूल, असा हिशेब करून तुळशीच्या लग्नाआधी घेतला. किती इन, किती आउट, क्रॉसओव्हर (बेस आणि तिखट आवाज वेगळे करणं), डिले ते कंपनीच्या पानावर आहेच. मी घेतला तो फक्त आवाज मर्यादेवर अडवणाऱ्या लिमिटरसाठी.

पहिल्याच महिन्यात दोन हॉर्न गेले. तेव्हा मी हा रिव्ह्यू लिहिला असता तर एक तारा देऊन मोकळा झालो असतो. पण चूक माझी होती, आणि बहुतेक जण हीच करतात म्हणून सविस्तर लिहितो.

टॉपच्या मागच्या पट्टीवर १००० वॅट छापलंय. मी तोच आकडा धरला. खाली बारीक अक्षरात ५०० आरएमएस, म्हणजे सतत झेलता येईल ती पॉवर, आहे, ते वाचलंच नाही. लिमिटर वॅटवर चालत नाही, व्होल्टवर चालतो. ५०० वॅट, ८ ओम म्हणजे दोघांचा गुणाकार ४०००, त्याचं वर्गमूळ साधारण ६३ व्होल्ट. माझ्या ॲम्पचा गेन, म्हणजे सिग्नल वाढवायचं प्रमाण, ३२ डीबी, म्हणजे ४० पट. ६३ भागिले ४०, दीड व्होल्टच्या थोडं वर. प्रोसेसरच्या भाषेत, म्हणजे व्होल्ट मोजायच्या डीबीयूत, +६. मी १००० धरून +९ ला लावला होता, तोही फक्त पीक लिमिटर, म्हणजे क्षणिक उंच टोकं अडवणारा.

पीक लिमिटर कोन फाटण्यापासून वाचवतो. कॉइल जळते ती उष्णतेने, आणि उष्णता ठरते सरासरी पॉवरवर. डीजेने मिक्सर लालमध्ये घातला की लाटेची डोकी छाटली जातात आणि ती चौकोनी होत जाते. तेवढ्याच उंचीची पूर्ण चौकोनी लाट साध्या लाटेच्या दुप्पट पॉवर वाहते. वर त्या छाटलेल्या कडांतून जादा तिखट आवाज तयार होतो, तो थेट हॉर्नच्या माथी. लिमिटर फार तर पातळी खाली आणेल, मिक्सरमध्ये चिरडलेलं गाणं परत सरळ करणार नाही. त्यात माझ्या टॉपमध्ये क्रॉसओव्हर आतच आहे, हॉर्नला वेगळा ॲम्प नाही. पाचशे वॅटची मर्यादा वूफरची, हॉर्न बिचारा त्याच्या पावपट झेलेल की नाही शंका.

मग सरासरी पॉवर बघणारा आरएमएस लिमिटर +३ ला लावला, म्हणजे अडीचशे वॅट. पुढे मार्चपर्यंत एकही हॉर्न गेला नाही. अर्धी पॉवर म्हणजे फक्त ३ डीबी, नाचणाऱ्याला कळत नाही. एक लक्षात ठेवा, ॲम्पच्या मागे गेनचा छोटा स्विच असेल तर तो बघूनच गणित करा. तो २६ वरून ३२ ला कोणी सरकवला की सगळं ६ डीबीने चुकतं. मी त्यावर फेविक्विक टाकलंय.

आता लाइट.

रॅक स्टेजच्या कडेला, डीजेच्या गुडघ्याशी आहे. रॅकला दार लावा म्हणाल, तर एप्रिलात आमच्याकडे ४४ अंश असतात. दार लावलं तर स्पीकर वाचतील आणि ॲम्प जातील. तर डीजे वाकला की त्याला समोर लाल लाइट दिसते. ती दिसेपर्यंत त्याची काही तक्रार नसते. दिसली की लगेच, "नाना, तुन्हा डबा मन्हा आवाज खाई ऱ्हायना!" मग तो नवरदेवाच्या मामांना बोलावतो. डिसेंबरात एक मामा फेटा सावरत आले, रॅकवर हात ठेवला आणि म्हणाले, "पोऱ्यानं लगीन शे भो, मयत नई." काय बोलणार? बिल तेच देणार होते. मी उगाच एक बटन फिरवल्यासारखं केलं. मामा खूश, डीजे खूश, आवाज होता तेवढाच.

दुसऱ्या दिवशी लाइटीवर काळी इन्सुलेशन टेप लावली. तक्रारी जवळजवळ बंद. मला वाटलं, प्रश्न मिटला.

मार्चमध्ये डबा सुरू होताना लोगोवरच अडकायला लागला. सर्व्हिस सेंटरची कथा थोडक्यात: १९ दिवस, ११ फोन, दर वेळी नवा माणूस, दर वेळी "बिलाचा फोटो पाठवा". शेवटी वॉरंटीत दुरुस्त केला, एक पैसा घेतला नाही, हे मान्य. पण परत पाठवताना सगळी सेटिंग पुसून कोरा केला होता आणि त्याबद्दल एक ओळ लिहिली नव्हती. सेटिंगच्या कुलपाचा पिनसुद्धा परत कंपनीचा.

मी जोडला, क्रॉसओव्हर लावले आणि आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) गर्दीत लिमिटर तपासायचे राहून गेले. टेप होतीच, त्यामुळे लाइट लागतेय की नाही हे मलाही दिसत नव्हतं. उघडं लॉन, म्हणून दहाला बंद करावंच लागतं, आणि त्यामुळे साडेनऊ ते दहा हा अर्धा तास सर्वात वाईट. त्यात बॉक्स दिवसभर उन्हात तापलेले. कॉइल १०० अंशांनी तापली की तांब्याचा रोध जवळपास ४० टक्क्यांनी वाढतो, आवाज आपोआप बसतो. डीजेला वाटतं कमी झाला, तो वाढवतो, कॉइल आणखी तापते. पावणेदहाला डाव्या टॉपमधून तळणीत पाणी पडल्यासारखा आवाज आला. मग काहीच नाही. मागून जळक्या वार्निशचा वास. दोन हॉर्न, एक बेस. ७,१०० रुपये.

म्हणजे ज्या लाइटीला मी सहा महिने शिव्या देत होतो, ती त्या रात्री दिसत असती तर कळलं असतं की ती लागतच नाहीये, म्हणजे लिमिटर लावलेलाच नाही.

मे महिन्यात आणखी एक गोष्ट कळली, आणि ती डब्यापेक्षा स्वस्त पडली. गोदामात जुना बारा इंची पॉवर्ड स्पीकर पडून होता. तो डीजेच्या कानाशी, मिक्सरच्या बूथ आउटला (डीजेच्या स्वतःच्या स्पीकरसाठीची वेगळी जोडणी) लावून दिला. बहुतेक डीजे मास्टर, म्हणजे पब्लिकचा आवाज, वाढवतात ते त्यांना स्वतःला नीट ऐकू येत नाही म्हणून. टॉपची तोंडं पब्लिककडे आणि ते मागे. आता स्वतःचा बूथ वाढवून बसतात, मास्टरला हात लावत नाहीत. लिमिटर पूर्वीच्या निम्म्यानेही लागत नाही. हे सर्व्हिस सेंटरवाल्या ११ जणांपैकी एकाने तरी सांगायचं.

डबा घ्यावा का? टॉपमध्ये हॉर्नला वेगळा ॲम्प असेल तर डोळे झाकून घ्या. माझ्यासारखं असेल तर घ्या, पण आरएमएस लिमिटर खालीच ठेवा, सेटिंगचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि वायरी केबल टायने बांधा. डबा टाळून थेट ॲम्पमध्ये वायर खोचणारे महाभाग दोनदा भेटलेत. पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा सर्व्हिसचा कापला, एक लाइटीचा.

मेच्या उन्हात टेपचा गोंद वितळून ती खाली घसरली, म्हणून आता नेलपॉलिश लावतो. बायकोचं लाल लावून पाहिलं, तर लाल लाइट त्यातून आणखीच लाल दिसायला लागली. मग फुले मार्केटमधून ४० रुपयांचं काळं आणलं. दुकानदाराने मॅट की ग्लॉसी विचारलं, मी म्हटलं, जे उन्हात टिकेल ते. दोन कोट दिले आणि टाचणीने मधोमध भोक पाडलं. नाक टेकवलं की मला लाल ठिपका दिसतो, उभ्या डीजेला दिसत नाही. वॉरंटी अजून चार महिने आहे. नेलपॉलिशने ती जाते का, हे पुस्तिकेत शोधलं, कुठेच नाही. बारावा फोन करून विचारायची मात्र माझी हिंमत नाही.