पोर्शे केमन, खारी हवा आणि दोन पावसाळे

गेल्या वर्षीच्या मे महिन्यात, पावसाच्या तोंडावर, गाडीचा पुढचा बंपर पहिल्यांदाच उतरवला, तेव्हा दोन्ही कोपऱ्यांतल्या रेडिएटरांपुढून जवळजवळ अर्धी बादली केर निघाला. त्यात सुरूच्या काड्या होत्या, फणसाची कुजलेली पाने होती, वाळून खापरी झालेली लाल माती होती आणि कुठल्याशा लग्नातल्या अबोलीच्या वळेसराचा दोराही होता. त्याआधी दोन महिने एसी नीट थंड करत नव्हता आणि वाहतुकीत अडकले की तापमानाचा काटा नेहमीच्या जागेवरून किंचित वर सरकत होता. दोन ठिकाणी एसीचा गॅस भरून झाला होता, उपयोग शून्य. मी तर त्या दिवशी म्हापशाच्या मेकॅनिककडे सायलेन्सरचा आवाज थोडा मोकळा करता येईल का, एवढेच विचारायला गेलो होतो. त्याने गुडघ्यावर बसून बंपरच्या तोंडात बॅटरी मारली आणि म्हणाला, “पात्रांव, पयलीं हो कोयर काड, मागीर आवाजाचें पळोवया.” म्हणजे, मालक, आधी हा केर काढा, आवाजाचे मग पाहू.

गेल्या अठ्ठावीस महिन्यांचा आणि साडेअकरा हजार किलोमीटरांचा माझा अनुभव या एका वाक्यात आला आहे. स्पोर्ट्स कार घेताना माझ्या डोक्यात अश्वशक्ती, आवाज आणि चाकांचा आकार होता. प्रत्यक्षात पेडणे तालुक्यात, समुद्रापासून दोन किलोमीटरवर, ही गाडी सांभाळताना माझा बहुतेक वेळ केर, पाणी आणि मीठ यांच्यामागे गेला. तो वेळ वाया गेला असे मात्र मी म्हणणार नाही.

गाडी 987 मालिकेची, म्हणजे केमनच्या पहिल्या पिढीतली, पण 2009 मधल्या सुधारणेनंतरची आहे. समोरासमोर आडव्या सहा सिलिंडरांचे 2.9 लिटर इंजिन सीटांच्या लगेच मागे, 265 अश्वशक्ती, 300 न्यूटन-मीटर टॉर्क, सहा गिअर आणि तेही हाताने टाकायचे. दुसऱ्या हाताची गाडी घेताना हेच साल का धरले, ते सांगतो. आधीच्या इंजिनांतला इंटरमीडिएट शाफ्ट (क्रँकशाफ्टची गती कॅमशाफ्टकडे नेणारा मधला दांडा) आणि त्याचे बेअरिंग तुटून इंजिन निकामी होण्याची भीती या इंजिनात उरलेली नाही, कारण तो शाफ्टच काढून टाकलेला आहे. शिवाय त्या वर्षी अधिक शक्तीच्या ‘केमन एस’ला थेट सिलिंडरमध्ये इंधन सोडणारी प्रणाली मिळाली, साध्या 2.9 ला मात्र जुन्या पद्धतीची राहिली. कागदावर ही कमतरता वाटते. पण पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हवरून जात असल्यामुळे त्यांवर काजळीचे थर बसत नाहीत, आणि मेकॅनिक शोधण्यातच निम्मा दम जातो अशा ठिकाणी राहणाऱ्या माणसाला असले साधेपण हवेच असते. घेण्यापूर्वी इंजिनाच्या संगणकातली ओव्हर-रेव्हची नोंद काढून घेतली होती. चुकीचा गिअर पडून इंजिन मर्यादेबाहेर फिरले असेल तर ते त्या सहा टप्प्यांच्या नोंदीत दिसते. विक्रेता काहीही सांगो, ती नोंद खोटे बोलत नाही, आणि ही तपासणी टाळून अशी गाडी कोणी घेऊ नये. परराज्यातून ना-हरकत दाखला आणून गोव्याचा रस्ता कर भरून क्रमांक बदलून घेण्याची कथा सर्वांना ठाऊक आहे, म्हणून ती वगळतो.

रेडिएटरांकडे परत येतो, कारण माझ्या मते ही गाडी किनारपट्टीवर ठेवणाऱ्याने पहिला खर्च तिथेच करावा. इंजिन मागे असले तरी पाणी थंड होते ते पुढे. बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत एकेक रेडिएटर आणि त्याच्यापुढे एसीचा कंडेन्सर (एसीच्या गॅसची उष्णता बाहेर सोडणारा भाग) अशी जोडी असते, आणि पुढची तोंडे उघडीच असल्याने गाडी रस्त्यावरचा पाला झाडूसारखा गोळा करते. वरून पाण्याचा फवारा मारून हा केर निघत नाही. उलट तो कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या फटीत आणखी घट्ट बसतो. बंपर उतरवायचा, कंडेन्सरचे स्क्रू सोडून तो नळ्यांना ताण न देता अलगद पुढे घ्यायचा, मऊ ब्रशने आणि व्हॅक्यूमने केर काढायचा आणि मगच मागच्या बाजूने हलक्या धारेने पाणी सोडायचे, हा खरा मार्ग आहे. ओला पाला आणि खारी हवा एकत्र आली की ॲल्युमिनियमच्या पातळ पात्या पिठासारख्या झडतात. माझ्या डाव्या कंडेन्सरच्या खालच्या तीन बोटांएवढ्या भागाचे तसेच झाले होते आणि तो बदलावाच लागला. त्यानंतर दोन्ही तोंडांत आतून जाळी बसवून घेतली. ती 316 दर्जाच्या स्टेनलेस स्टीलची आहे, कारण नेहमीच्या 304 ला इथे दोन पावसाळ्यांत तांबूस ठिपके येतात. आणि तिची भोके मुद्दाम फार बारीक ठेवलेली नाहीत, नाहीतर पाला अडतो आणि हवाही अडते. या गाडीत मी केलेला सर्वांत चांगला बदल कोणता, असे विचारले तर ही न दिसणारी जाळी. यंदाच्या मे महिन्यात बंपर उतरवला तेव्हा ओंजळभर धूळ निघाली.

पावसाळ्यात गाडी फार चालत नाही, आणि खरी परीक्षा नेमकी उभ्या गाडीची होते. पुढच्या काचेच्या खाली, बॅटरीच्या दोन्ही अंगांना पाणी वाहून जाण्याची छिद्रे आहेत. ती पानांनी बुजली की पाणी बॅटरीच्या खोबणीत साचते. मी जूनपासून दर रविवारी तिथे बोट घालून पाहतो. पहिल्या पावसाळ्यात मात्र बॅटरीकडे दुर्लक्ष झाले आणि ऐन चवथीच्या आदल्या दिवशी गाडी निपचित. या गाडीचे पुढचे झाकण विजेवर उघडते आणि बॅटरी त्याच झाकणाखाली आहे, म्हणजे तिजोरीची किल्ली तिजोरीत, असा प्रकार. त्यासाठी पायाजवळच्या फ्यूजच्या पेटीत बाहेर ओढता येणारे एक टोक दिलेले आहे. त्याला दुसऱ्या बॅटरीची धन तार आणि दाराच्या कुलपाच्या धातूच्या भागाला ऋण तार लावायची, मग किल्लीवरचे बटन दाबले की झाकण उघडते. वीज मिळताक्षणी गाडीचा भोंगाही बोंबलू लागतो, हे मला पहाटे साडेपाच वाजता कळले; समोरच्या घरातली माणसे माटोळीचे (गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या सजावटीचे) सामान तसेच टाकून बाहेर आली. तेव्हापासून शेडमध्ये बॅटरीला कायमचा लहान चार्जर जोडलेला असतो.

बुरशीचे दुखणे वेगळे. जुलैमध्ये दहा दिवस गाडी बंद राहिली, तर स्टिअरिंगच्या चामड्यावर पांढरी भुकटी येते, सीटच्या पट्ट्यांना कुबट वास लागतो. कापडी आच्छादन हा इथे शत्रू आहे, कारण ते आतली ओल धरून ठेवते. मी आच्छादन काढून टाकले, शेडमध्ये एक साधा भिंतीवरचा पंखा लावला, आत ओल शोषणाऱ्या पिशव्या ठेवल्या आणि काचा बोटभर उघड्या ठेवू लागलो. पंख्यावरून आई अजून टोमणे मारते. काचा उघड्या म्हणजे उंदरांना आमंत्रण, हे खरे, म्हणून त्या फटींना जाळीच्या पट्ट्या कराव्या लागल्या. शेडही माडाखालून हलवली. नारळ कोणाच्या गाडीवर पडत नाही असे म्हणणाऱ्याने आमच्या शेजाऱ्याच्या गाडीचे छत पाहावे.

आता चुकांविषयी. पहिल्या सहा महिन्यांत मी गाडी आणखी तीन सेंटिमीटर खाली आणणाऱ्या स्प्रिंगा बसवल्या. छायाचित्रात गाडी देखणी दिसली. पण आमच्या वाड्यापासून हमरस्त्यापर्यंत सात गतिरोधक आहेत, त्यांतले चार गावकऱ्यांनी स्वतः घातलेले, आणि त्यांना कोणतेही माप लागू नाही. तिरपी नेली, कोणाला तरी खाली उतरवून बघायला लावले, तरी पोट घासायचेच. त्याहून वाईट म्हणजे पुढच्या आर्मचे (चाक गाडीशी जोडणाऱ्या दांड्याचे) आधीच थकलेले बुश, म्हणजे रबरी सांधे, या ताणाने पूर्ण गेले आणि खड्ड्यात टकटक आवाज येऊ लागला. शेवटी मूळ उंचीच्या स्प्रिंगा परत आल्या, त्यांबरोबर नवे शॉक ॲब्झॉर्बर आणि नवे आर्म बसले. गाडी त्यानंतर चोर्ला घाटाच्या वळणांवर ज्या शांतपणे बसते, ते सुख मला त्या खालच्या स्प्रिंगांनी एक दिवसही दिले नव्हते. सत्तरीतल्या केरीच्या पुढे घाट सुरू होतो तिथे सकाळी सहाला तिसऱ्या गिअरमध्ये, कायद्याच्या वेगात, नुसते स्टिअरिंगमधून रस्त्याचा पोत वाचत जाणे, हे या गाडीचे खरे देणे आहे. इंजिन मध्यभागी असल्याने वळणात नाक लगेच आत येते आणि मागची बाजू ओझ्यासारखी ओढली जात नाही.

19 इंची चाकेही याच कारणाने उतरवली. 18 इंचीवर पुढे 235/40 आणि मागे 265/40 टायर बसतात. त्या जास्तीच्या रबराने दोन रिम वाचवले असतील. टायर घेताना नक्षीपेक्षा बाजूवरचा चार आकडी क्रमांक वाचावा, त्यातले पहिले दोन आकडे आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. माझ्या गाडीबरोबर आलेले टायर नव्यासारखे दिसत होते आणि सात वर्षांचे होते. ओल्या रस्त्यावर ते साबणासारखे सरकत.

सायलेन्सरचे काय झाले, ते आता सांगतो. काही केले नाही. टर्बो नसलेल्या इंजिनात सायलेन्सर आणि संगणकाची नवी मांडणी यांनी जी थोडीफार शक्ती वाढते, ती कागदावर दिसते, सीटमध्ये जाणवत नाही. हा खर्च टर्बो गाडीवाल्याने करावा. दुसरी बाजू कायद्याची. मोटार वाहन कायद्याचे 52 वे कलम आणि जानेवारी 2019 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यांनी कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलात फेरफार करण्याची वाट जवळजवळ बंद केली आहे. उद्या अपघात झाला तर विमा कंपनी तोच बदल पुढे करील. ज्या बदलाची नोंद लपवावी लागते, तो मला नको.

पेट्रोलचा प्रश्न अधिक गंभीर आहे. या गाडीच्या काळात दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल गृहीत धरलेले होते, आज पंपावर वीस टक्के मिळते. इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी असते, त्यामुळे सरासरी थोडी उतरते. ते सोसता येते. पण इथेनॉल हवेतले पाणी शोषते आणि आमच्या हवेत पाण्याला तोटा नाही. म्हणून पावसाळ्यात उभी करण्यापूर्वी 64 लिटरची टाकी काठोकाठ भरतो, म्हणजे आत ओली हवा कमी राहते, आणि तेच पेट्रोल तीन-चार आठवड्यांत फिरून संपवतो. रबराच्या इंधननळ्या गेल्या वर्षी बदलून घेतल्या. जुन्या काढल्या तेव्हा टोकाशी मऊ पडलेल्या होत्या. एरवी 95 ऑक्टेनच घालतो. इंजिन 98 साठी बनवलेले असले तरी नॉक सेन्सर (इंजिनातली ठोक ओळखणारा) प्रज्वलन मागे घेऊन सांभाळून घेतो.

ब्रेक ऑइलही असेच पाणी पिते. डॉट 4 दर्जाच्या ऑइलचा उत्कलनबिंदू ताज्या अवस्थेत किमान 230 अंश सेल्सिअस, आणि ओल शिरल्यावर 155 पर्यंत उतरू शकतो. दोन वर्षांनी बदला असे पुस्तक सांगते, मी दरवर्षी ऑक्टोबरात बदलतो. चोर्ला उतरताना पेडल मऊ पडण्याचा अनुभव एकदा घेतला, पुन्हा नको.

एका परगावच्या नावाजलेल्या कार्यशाळेने गाडी चुकीच्या जागी जॅकवर उचलली आणि दाराखालची कड चेपवली. चूक मान्य करायला तीन आठवडे आणि अकरा फोन लागले. तेव्हापासून जॅकच्या जागी बसणारे रबरी ठोकळे गाडीतच असतात आणि चाके मी स्वतः चढवतो, टॉर्क पान्याने, 130 न्यूटन-मीटरवर. इंजिन ऑइलही घरीच बदलतो. इंजिन डोळ्यांना दिसतच नाही; वरून पाहायचे तर सीटांमागचा गालिचा आणि त्याखालचे झाकण काढावे लागते. पण ऑइल भरण्याचे आणि कूलंटचे तोंड मागच्या डिकीतच आहे, त्यामुळे नेहमीची कामे वाटतात तितकी अवघड नाहीत. खालचे सायलेन्सरचे बोल्ट मात्र दर सहा महिन्यांनी तेलाने भिजवतो. पहिल्या वर्षी त्यांतला एक गंजून डोक्यापाशी तुटला आणि तो ड्रिल करून काढण्यात अख्खा शनिवार गेला.

सध्या मागच्या ट्रेलिंग आर्मचे बुश कुरकुरू लागले आहेत. जर्मनीहून मागवलेला जोड सीमाशुल्कात अडकून सतरा दिवस झाले, आणि अंगणातल्या फणसाने पाने गाळायला सुरुवात केली आहे.